सॅम्पल फ्लॅटच्या बाहेर

२०२४ च्या दिवाळीआधी भाच्याचा फोन आला. "मावशी, हिंजवडीत नोकरी मिळाली. जानेवारीत रुजू व्हायचंय. फ्लॅट कुठं घेऊ ते सांग, तू तर पुण्याचीच आहेस."

मी पुण्यात पंचवीस वर्षं आहे, पण हडपसरला. वाकड, पुनावळे, ताथवडे, मारुंजी ही नावं माझ्या कानावर वाहतुकीच्या बातम्यांतूनच पडतात. शहराचं ते टोक मला लातूरएवढंच परकं. तसं मी त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. लातूरहून बघणाऱ्याला पुणे एकच असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या मोबाइलवर सात ब्रोशर पाठवली.

सातही मी वाचली. पोहण्याचा तलाव, क्लब हाउस, खोल्यांची मापं, फरशीचा प्रकार, दोन गाड्यांचं पार्किंग, आणि प्रत्येकावर 'हिंजवडी अवघ्या दहा मिनिटांवर'. पाणी कुठून येतं, हे एकाही कागदावर छापलेलं नव्हतं.

मी घरांची जाणकार नाही, फॅमिली डॉक्टर आहे. पण नव्यानं पुण्यात आलेली माणसं माझ्या दवाखान्यात रोज येतात. पहिल्या हिवाळ्यात पोराचा खोकला महिनाभर हटत नाही. पस्तिशीतल्या मुलाचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघतं. गावाहून आणलेल्या आईची वर्षानुवर्षं ताब्यात असलेली साखर सहा महिन्यांत बिघडते. "तिकडं असताना काहीच नव्हतं हो," हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. पूर्वी मी त्यावर हसून औषध लिहून द्यायचे. आता आधी पत्ता विचारते आणि मग घराच्या आसपास काय आहे ते.

पत्त्याचा तब्येतीशी संबंध असतो, हे सिद्ध करणं दिसतं तितकं सोपं नाही. चांगल्या वस्तीतली माणसं जास्त निरोगी दिसली, तर ती वस्तीमुळे की त्यांच्याकडच्या पैशामुळे, हे कसं ठरवायचं? अमेरिकेत याचं उत्तर सोडतीनं मिळालं. १९९४ ते १९९८ या काळात तिथल्या सरकारनं पाच मोठ्या शहरांतल्या अतिगरीब वस्त्यांतल्या कुटुंबांची सोडत काढली. काही कुटुंबांना भाड्यासाठी कूपन दिलं, अट एवढीच की घर गरिबी कमी असलेल्या भागात घ्यायचं. बाकीच्यांना तसं कूपन मिळालं नाही. दहा ते पंधरा वर्षांनी साडेचार हजारांच्या आसपास बायकांचं वजन, उंची आणि रक्त तपासलं. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आले. कूपन मिळालेल्या गटात तीव्र लठ्ठपणा असलेल्या बायका दर शंभरामागे चार-पाचनं कमी होत्या, आणि तीन महिन्यांची साखर मधुमेहाच्या पातळीत गेलेल्याही साधारण तितक्याच कमी. कुणाला गोळी दिली नव्हती, आहाराचा तक्ता दिला नव्हता. फक्त पत्ता बदलला होता.

अमेरिकेतली गरीब कुटुंबं आणि आमचा कंपनीतला भाचा यांची तुलना होत नाही, हे मला कळतं. पण शरीर फ्लॅटपेक्षा फ्लॅटच्या आजूबाजूला जास्त राहतं, एवढी गोष्ट मी त्यातून उचलली. म्हणून भाच्याला म्हटलं, ब्रोशर ठेव बाजूला. घरात कोण कोण राहणार ते सांग.

तो चौतिशीचा, तब्येतीनं धडधाकट. बायको तशीच, तिचं काम घरूनच. मुलगी चार वर्षांची. थंडी पडली की तिची छाती वाजायला लागते, घरात इन्हेलर असतो. आणि माझी ताई, अडुसष्ट वर्षांची, बारा वर्षांचा मधुमेह. लातूरला ती सकाळी देवळात जाते, येताना भाजी घेते, वाटेत तिघींच्या दारात उभी राहते. चाळीस मिनिटांचं चालणं त्यात होऊन जातं आणि आपण व्यायाम केला असं तिला वाटतही नाही. फ्लॅट भाच्याच्या नोकरीसाठी घ्यायचा होता. पण त्या पत्त्यावर चोवीस तास राहणार होत्या दोघी, एक अडुसष्टची आणि एक चार वर्षांची. घरातलं सगळ्यात नाजूक शरीर ज्याचं, त्याच्या पायांनी आणि त्याच्या फुप्फुसांनी परिसर बघायचा, असं मी ठरवलं.

पहिल्यांदा गेलो तो रविवार होता, सकाळचे अकरा. रस्ते मोकळे, ऊन कोवळं. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी लावलेला, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. तिथला मुलगा अदबीनं बोलत होता. ताईनं स्वयंपाकघराचा कट्टा हातानं चाचपला, बरा आहे म्हणाली आणि विचारलं, "कोथिंबीर कुठं मिळते इथं?"

"आजी, ॲपवरून दहा मिनिटांत दारात येते."

"कोथिंबीर येईल रे. पण मी कुठं जाऊ?"

आम्ही खाली उतरून बघितलं. गेटबाहेर मातीचा काठ, मग सर्व्हिस रोड, मग महामार्ग. फुटपाथ नव्हता. सगळ्यात जवळचं दुकान रस्त्यापलीकडं, आणि पलीकडं जायचं तर भुयारी मार्गापर्यंत पाऊण किलोमीटर, डंपरच्या कडेकडेनं. सोसायटीच्या आत चालायला ट्रॅक आहे, असं त्या मुलानं सांगितलं. आहे, पण नुसता गोल गोल चालणारा म्हातारा माणूस मी फार दिवस टिकलेला पाहिलेला नाही. पाय चालतात ते कुठंतरी जायचं असतं म्हणून.

याचंही मोजमाप झालेलं आहे. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दहा देशांतल्या चौदा शहरांचा अभ्यास आला. सहा हजार आठशेहून अधिक लोकांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र लावलं होतं. वस्ती दाट, गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या, बस-रेल्वेचे थांबे भरपूर, बागा चालत जाण्याच्या अंतरावर, अशा भागातली माणसं इतर भागांतल्यांपेक्षा आठवड्याला ४८ ते ८९ मिनिटं जास्त हालचाल करतात, असं त्यात दिसलं. आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल करा, असं आम्ही डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतो. त्यातली निम्मी चांगली वस्ती गुपचूप करून घेते. त्या अभ्यासात एकही भारतीय शहर नव्हतं, आणि आपल्या दाट वस्तीत धूर आणि धक्काबुक्कीही असते, ही गोष्ट वेगळी.

दुसरी फेरी मंगळवारी सकाळी साडेआठला केली. भाचा त्यासाठी मुद्दाम रजा काढून आला होता. ब्रोशरमधल्या दहा मिनिटांना बावन्न मिनिटं लागली, सात किलोमीटरला. परत येताना संध्याकाळी साडेसहाला बसलो ते सव्वासातच्या पुढं पोचलो. "मेट्रो होणार आहे ना," भाचा म्हणाला. होईल. पण 'होणार आहे' या वाहनात बसून आजपर्यंत कुणी कामावर गेलेलं नाही. माणसानं आज धावणारी बस मोजावी.

प्रवासाचा त्रास आपण घर घेताना नेहमी कमी धरतो. मोठी बेडरूम डोळ्यांना दिसते, रोजचे दोन तास दिसत नाहीत. डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा एकेक प्रसंग आठवून तेव्हा कसं वाटत होतं ते लिहायला सांगितलं. दिवसभरातल्या सगळ्या कामांत सकाळी कामावर जाण्याचा प्रवास जवळपास तळाला होता. माणसाला मोठ्या घराची सवय होते आणि मग त्याचं अप्रूप उरत नाही; खोळंब्याची सवय मात्र होत नाही, कारण तो रोज नव्या जागी होतो. टेक्ससमध्येच २०१२ मध्ये चार हजारांवर नोकरदारांच्या तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली. घर ते ऑफिस अंतर जितकं जास्त, तितका कमरेचा घेर आणि रक्तदाब जास्त, आणि हृदय-फुप्फुसांचा दम कमी. आपल्या भाषेत सांगायचं तर जाता-येता दीड-दीड तास, वर्षाचे २४० दिवस, म्हणजे ७२० तास. पूर्ण तीस दिवस आणि तीस रात्री. वर्षातला एक महिना माणूस गाडीत बसून काढतो आणि व्यायामाला वेळ नाही म्हणतो. खोटं नसतं ते.

नातीच्या फुप्फुसांसाठी मी हवेचं बघायला लागले. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे. ते थेट फुप्फुसाच्या तळाला जातात. आपल्याकडं वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची शिफारस १० वरून ५ वर आणली. म्हणजे सरकारी आकडा 'समाधानकारक' आला तरी इन्हेलर घेणाऱ्या मुलीसाठी तो समाधानकारक असेलच असं नाही. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिची 'सफर' नावाची यंत्रणा शहराच्या वेगवेगळ्या भागांतली हवा मोजते आणि आकडे सगळ्यांना खुले असतात. ते बघायचे तर डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेचे बघावेत. जूनमधली हवा पावसानं धुतलेली असते, तिच्यावरून काही कळत नाही. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, तिला टेकलेली हवाही गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. खालचा धूर खालीच कोंडतो. पुणे तर डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत वसलेलं.

पण यंत्र असतं दोन-चार किलोमीटरवर, आणि हवा गल्लीगणिक बदलते. मोठ्या रस्त्यालगतच्या धुराचा जोर सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या तीनशे ते पाचशे मीटरमध्ये; हवा-प्रदूषणावरच्या अमेरिकेतल्या 'हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट'च्या समितीनं २०१० मध्ये हाच पट्टा धरला होता. आम्ही बघितलेल्या सातपैकी चार इमारती महामार्गापासून दोनशे मीटरच्या आत होत्या. जाहिरातीत त्यालाच 'उत्तम कनेक्टिव्हिटी' म्हणतात. शिवाय नव्या भागात एक इमारत पूर्ण होते तेव्हा शेजारच्या पाच अर्ध्या असतात. बांधकामाची धूळ, रेडी मिक्स काँक्रीटचे प्लांट, मोकळ्या प्लॉटवर रात्री पेटवलेला कचरा, हे सगळं पुढची सात-आठ वर्षं चालणार. चार वर्षांच्या मुलीचं अख्खं लहानपण त्यात जातं. भाच्याला मी फ्लॅटच्या बाल्कनीचा कठडा बोटानं पुसून बघायला सांगितलं. त्यानं बोट दाखवलं आणि तो काही बोलला नाही.

रात्रीची फेरी मात्र आमच्याकडून जवळजवळ राहूनच गेली असती. अकरा वाजता कोण जातं घर बघायला? गेटवरच्या वॉचमननंही हेच विचारलं. महामार्गावरचे ट्रक दिवसा अडकत अडकत जातात, रात्री सुसाट जातात. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपचा आकडा अचूक नसतो, पण सातव्या मजल्याच्या खिडकीत तो ६५ च्या खाली उतरेना. आपल्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल आहे. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. दहानं वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. वीसची वाढ म्हणजे शंभरपट. लोक म्हणतात, सवय होते. जाग येण्याची सवय बऱ्याच अंशी होते. पण झोपलेल्या माणसाचाही कान बंद नसतो. ट्रक गेला की नाडी वाढते, रक्तदाब किंचित चढतो, आणि ही प्रतिक्रिया वर्षं गेली तरी पूर्णपणे मावळत नाही. सकाळी माणूस 'छान झोपलो' म्हणतो आणि दवाखान्यात त्याचा वरचा आकडा १४५ येतो.

आता माझी स्वतःची चूक सांगते. सोळा वर्षांपूर्वी आम्ही आमचा पहिला फ्लॅट घेतला तेव्हा सासरे आमच्याकडं राहायचे. मी डॉक्टर, नवरा इंजिनिअर. दोघांनी मिळून शाळा बघितली, बँक बघितली, पाण्याचा दाब बघितला. दवाखाने किती आहेत तेही मोजलं. एका दुपारी साडेतीनला सासऱ्यांना उजवा हात जड वाटला. हात अंगाखाली आला असेल म्हणून ते पडून राहिले. मी क्लिनिकमध्ये होते. पावणेसातला घरी आले तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालेलं होतं. जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथलं सीटी स्कॅन बंद होतं. दुसरीकडं निघालो आणि संध्याकाळच्या गर्दीत अडकलो. पोचलो तेव्हा आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर पहिलं लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना ते बघावं लागतं. साडेचार तास आठ वाजताच संपले होते. सासरे आणखी नऊ वर्षं जगले, पण डाव्या हातानं जेवले.

जवळ दवाखाने असणं वेगळं आणि रात्री सीटी स्कॅन चालू असलेलं, हृदयाची अँजिओप्लास्टी होऊ शकेल असं हॉस्पिटल कोणत्या रस्त्यानं किती मिनिटांवर आहे हे माहीत असणं वेगळं. घरात साठीपुढचं माणूस असेल तर घर घेण्याआधी तिथपर्यंत संध्याकाळी सातला एकदा गाडी नेऊन बघावी. मी हे आता प्रत्येकाला सांगते, आणि सांगताना माझा आवाज जरा चढतो.

जानेवारी उजाडला आणि पाण्याचा विषय आपोआप पुढं आला. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ सापडायला लागले. आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते आणि पायांपासून वर शक्ती जात जाते, असा हा आजार. एरवी डॉक्टरला वर्षात एखादाच रुग्ण दिसावा. तेव्हा संशयितांचा आकडा काही आठवड्यांत दोनशेच्या पुढं गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली. उपनगरात आधी इमारत उभी राहते, मग माणसं येतात, मग हद्द वाढते, आणि जलवाहिनी नि सांडपाण्याची वाहिनी सगळ्यात शेवटी येतात. मधली वर्षं विहीर, बोअर आणि टँकर यांची.

भाचा मोठ्या उत्साहानं टीडीएस मीटर घेऊन आला. पेनाएवढं यंत्र, पाण्यात बुडवलं की आकडा येतो. एका सोसायटीच्या नळाला १८० आला. "शुद्ध आहे मावशी!" मी त्याला थांबवलं. ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले धरलेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. पण जंतूंना वीजप्रवाहाशी देणंघेणं नसतं. १८० टीडीएसच्या पाण्यात कावीळ असू शकते, आणि ९०० टीडीएसचं बोअरचं पाणी फक्त बादलीला पांढरे थर आणि केसांना राठपणा देऊन सोडू शकतं. जंतूंसाठी एक स्वस्त चाचणी आहे, भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली. छोट्या बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. तीत खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं झालं तर मैला मिसळल्याचा संशय घ्यायचा. काळं नाही झालं म्हणून शंभर टक्के निर्धास्त होता येत नाही, पण काळं झालं तर पुढं जाऊच नये. त्या १८० वाल्या नळाचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखं काळं झालं होतं. बाटली भाच्याच्या बायकोनं खिडकीत ठेवली होती. तिनंच फोटो पाठवला, खाली एकही शब्द न लिहिता.

राहिला पूर. सातांपैकी एक घर ताईलाही आवडलं होतं. पुढं भाजीवाली बसायची, मागं ओढा आणि झाडी. ओढा म्हटल्यावर मी बिचकले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्यानं जे केलं ते आम्ही विसरलेलो नाही. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडल्यावर मुठेकाठच्या एकतानगरीत लोक होडीतून बाहेर काढावे लागले. नदीच्या नकाशावर निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'पंचवीस वर्षांतून एकदा' ऐकून माणूस सुस्कारा टाकतो. पण त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार अशी शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर त्या काळात निदान एकदा पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के होते, नाणं उडवण्यापेक्षा जरा जास्तच. लाल रेषेसाठीही ती १८ टक्के निघते. आणि लहान ओढ्यांचं तर पुष्कळदा नकाशावर नावही नसतं. गुगल अर्थवर त्या जागेची पंधरा-वीस वर्षांपूर्वीची छायाचित्रं बघता येतात. भाच्यानं बघितली. त्यांच्या वाहनतळाच्या जागी ओढ्याचं वळण होतं.

फेब्रुवारीत त्यानं बुकिंगचे पैसे भरायचं थांबवलं आणि निगडी प्राधिकरणात अकरा महिन्यांच्या करारानं भाड्याचं घर घेतलं. अनोळखी शहरात एक पावसाळा आणि एक हिवाळा भाड्यानं काढावा, एवढाच माझा सल्ला होता; जागा त्यानं निवडली. जुनी इमारत, लिफ्ट कुरकुरणारी, पोहण्याचा तलाव नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. ताईला पहिला महिनाभर ते सहन झालं नाही, पिंप भरण्यावरून रोज बोलणी. साठवलेल्या पाण्यात डासांची अंडी होतात म्हणून पिंपं दर आठवड्याला घासून कोरडी करायची कटकट वेगळी. पण ते पाणी पवनेचं, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं. फुटपाथ आहेत, झाडं आहेत, बाग चार मिनिटांवर. भाचा कंपनीच्या बसनं जातो, पाऊण तास लागतो, कधी सव्वा. त्याची तक्रार आहेच. २०२५ चा पाऊस मे महिन्यातच आला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात हिंजवडीतल्या आयटी पार्कच्या रस्त्यांवर पाणी साचलं तेव्हा तो चार तास ऑफिसातच अडकून पडला.

नातीला या थंडीत इन्हेलर दोनदा लागला. गेल्या वर्षी लातूरला तीनदा लागला होता, म्हणजे यावरून काही सिद्ध होत नाही. ताईची तीन महिन्यांची साखर पुण्यात आल्यावर आधी ७.१ वरून ७.९ वर गेली. मी घाबरले. मग तिला एक कानडी बोलणारी मैत्रीण मिळाली. दोघी लातूर-बिदरच्या सीमेवरच्या, गप्पा अर्ध्या मराठीत अर्ध्या कानडीत, रोज सकाळी भाजी मंडईपर्यंत पायी. मागच्या महिन्यात आकडा ७.२ आला.

करार संपत आलाय. भाच्यानं परवा नवं ब्रोशर पाठवलं, रावेतच्या बाजूचं. यात पाण्याबद्दल एक ओळ छापलेली आहे, बारीक अक्षरात. मंगळवारी सकाळी साडेआठला आम्ही बघायला जाणार आहोत. ताई म्हणाली, ती आणि तिची मैत्रीणही येणार.